मोजमाप

दर्शनी रुंदी एकवीस फूट चार इंच.
डावीकडे एर्मेलिंडाबाईंचं पिवळं घर,
उजवीकडे कीर्तनींचं निळं, खाली घड्याळदुरुस्तीचं दुकान.
मध्ये आमचा प्लॉट:
एक पपई, फुटके नळे,
आणि कुणीतरी रात्रीत आणून टाकलेलं वॉशबेसिन.

रोहिदास पैंगीणकर मस्कतहून आले
ते मोबाइलभर फोटो घेऊन.
बाल्कांव हवा, कमानी हव्या,
गेटच्या खांबांवर सिमेंटचे अननस,
खिडक्यांना शिंपल्यांसारखं दिसणारं प्लास्टिक.
‘मळ्यातून जाणाऱ्याला वाटलं पाहिजे,
दीडशे वर्षांचं आहे.’
मी विचारलं, तुमचं वय काय?
‘बावन्न.’
केस रंगवलेले होते, तेव्हा पुढे बोलले नाही.
त्यांच्या बायकोला, सुलक्षाला,
जमिनीपासून छपरापर्यंत काच हवी होती,
अख्खी, एकसंध,
रस्त्याकडे तोंड करून.

फाइल दोनदा परत आली.
शेरा तोच: परिसराशी सुसंगत नाही.
सुसंगत.
हा शब्द घेऊन मी आठवडाभर बसले.
सुसंगत म्हणजे शेजाऱ्याचा सदरा घालून हिंडणं,
की त्याच्या पंगतीला
आपलं पान मांडून बसणं?

एप्रिलातली दुपार. टेपचं एक टोक माझ्याकडे,
दुसरं बाबलो मेस्तकडे.
त्याने पिवळ्या घराच्या आडभिंतीवरचं शेवाळ
उगाच थापीने खरवडलं
आणि थांबला.
‘बाई, हें पळयात.’
निळा चुना. त्यात दातेरी तिरपी रेघ,
जमिनीतून वर चढत गेलेली.
मी मोजलं: अकरा पायऱ्या.
घर पडलं,
जिना शेजाऱ्याकडे राहून गेला.

चढ साडेसहा इंच.
इतका सावकाश जिना
कुणाच्या तरी दुखऱ्या गुडघ्यांसाठीच बांधला असणार.

वरच्या खिडकीतून एर्मेलिंडाबाई पाहत होत्या.
मला वाटलं, धुळीबद्दल बोलतील.
म्हणाल्या, ‘इकरा वर्सां
सांजेचें वत म्हज्या कुजनांत येता.
तें मात काडूं नाका.’

नकाशात कुजन दाखवता येतं.
वत कोणत्या रेघेने दाखवायचं,
हे मला पाच वर्षांत कुणी शिकवलं नव्हतं.

मग पुन्हा कागद.
वरचा मजला चार फूट मागे घेतला
(रोहिदासांच्या बेडरूममधूनच; दोन दिवस फोन उचलला नाही त्यांनी).
जिना त्याच भिंतीला, त्याच साडेसहा इंचांनी,
पण जुन्या रेघेला न चिकटता,
मध्ये दोन इंचांची फट,
हात घातला तर निळा चुना बोटांना लागेल अशी.
काच दिली, आत, चौकाकडे.
रस्त्याला फक्त खिडक्या,
त्यांची कपाळं दोन्ही शेजाऱ्यांच्या रेषेत.
शिंपल्या मिळेनात,
तेव्हा मटीच्या लाकडाच्या पट्ट्या लावल्या,
उघड उघड आजच्या.
भिंती जांभ्याच्याच, पण सांधे लपवले नाहीत.
आणि एक अननस दिला अखेर,
मागच्या गच्चीवर,
जिथून तो कावळ्यांनाच दिसतो.

तिसऱ्यांदा फाइल आली, कोरी. नुसता शिक्का.

चतुर्थीनंतर गेले होते, सांधे तपासायला म्हणून.
साडेपाचला एर्मेलिंडाबाईंनी आत बोलावलं.
ऊन आलं.
मात्र हातभर सरकून:
पूर्वी फळीवरच्या डब्यांवर पडायचं म्हणे,
आता ओट्याच्या कडेवर.
माझा जीव खाली-वर.
चार फूट पुरले नव्हते.

त्या काही बोलल्या नाहीत.
तांदळाचा डबा उचलला, मग मिठाची बरणी,
मग कोकमाची,
आणि एकेक करून
उन्हात आणून ठेवली.